खोपकरांची सचित्र हरकत

सकाळी सातला पाच कमी असताना आपल्या गॅलरीखाली दोन माणसं टेप धरून उभी आहेत, हे दिनानाथ खोपकरांना दिसलं. अशा वेळी माणूस दोनपैकी एक गोष्ट करू शकतो. आपला चहा पिऊ शकतो, नाहीतर खाली वाकून "काय मोजताय?" असं विचारू शकतो. खोपकर आयुष्यभर पहिलीच गोष्ट करत आले होते आणि त्यात त्यांचं काही वाईट झालं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्यांनी कप कठड्यावर ठेवला आणि वाकून विचारलं.

"काय मोजताय?"

"पूल," टेपचं एक टोक धरलेला माणूस म्हणाला. तो नगरपालिकेचा ओव्हरसियर किसनराव होता. "समोरच्या शाळेनं मागितलाय. पोरं रस्त्यावरून नाय, वरून जाणार. जिना हितं उतरणार, बघा. तुमच्या खाली."

"आणि पूल?"

"पूल वर. तुम्ही बसलाय ना, त्याच लेव्हलला." असं म्हणून किसनरावांनी वर पाहिलं आणि चटकन मान खाली घातली. खोपकर लुंगीत होते, आणि खालून बघणाऱ्याच्या दृष्टीने ती लुंगी अपुरी होती.

खोपकर आत आले तेव्हा चहा गार झाला होता. तो तसाच प्यायला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

त्या गॅलरीची हकीकत आधी सांगायला हवी. बदलापूर पश्चिमेला, बेलवलीत, 'श्रमसाफल्य' नावाची तीन मजली इमारत आहे. बिल्डरने तिला रस्त्याच्या बाजूला नुसत्या खिडक्या दिल्या होत्या. पण खिडकीत माणसाला बसता येत नाही. म्हणून पंचाण्णव साली पहिल्या मजल्यावर खोपकरांनी खिडकीखालची भिंत फोडली, लोखंडी अँगल टाकून चार फूट बाहेर लादी घातली आणि भोवती ग्रिल बसवलं. खालच्याने गॅलरी काढली की वरच्याला आयता आधार मिळतो. त्यामुळे आठवड्याभरात तिन्ही मजल्यांवर मिळून सहा गॅलऱ्या झाल्या. तळमजल्यावरच्या रखमाबाई तरी का मागे राहतील? त्यांनी पत्रा टाकून ओटा पुढे ओढला. परवानगी कुणी काढली नाही. (परवानगी काढायची असते हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच कुणी काढली नाही.) अकरा वर्षांत नगरपालिकेने कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

ग्रिल उल्हासनगरच्या लछमनदासने केलं होतं. समोरासमोर दोन मोर, असं ठरलं होतं. पण जोडताना एक चौकट उलटी लागली आणि मोर एकमेकांकडे पाठ करून बसले, भांडण झालेल्या नवराबायकोसारखे. खोपकरांनी तक्रार केली तेव्हा लछमनदास म्हणाला, "साईं, सीधा मोर तो सबके पास है. ऐसा डिझाइन पूरे बदलापूर में दूसरा दिखाओ." ते मात्र खरं होतं.

या मोरांच्या मागे, नायलॉनच्या पट्ट्यांच्या फोल्डिंग खुर्चीत, लुंगी आणि बनियनवर, पावणेसात ते सव्वासात खोपकर चहा पीत बसत. दिवसाच्या चोवीस तासांतला हा एवढा अर्धा तास त्यांचा होता. घरात मीनल होती, मुलगी हिमानी होती, टीव्ही होता, आणि या तिघांनाही खोपकरांशिवाय चालत होतं. अंबरनाथच्या ज्या रंगाच्या कारखान्यात ते स्टोअर्स ऑफिसर होते तिथे दिवसभर कुणीतरी काहीतरी मागत असे. गॅलरीत कुणी काही मागत नसे. नऊ फूट लांब, चार फूट रुंद अशा त्या जागेवर खोपकरांचा फार जीव होता. आणि आता तिच्या तोंडासमोरून, सहा फुटांवरून, नऊशे पोरं दप्तरं घेऊन जाणार होती. प्रत्येक पोर "काका, गुड मॉर्निंग" म्हणणार, आणि काकांनी एका हाताने कप आणि दुसऱ्या हाताने लुंगी सावरत नऊशे वेळा "गुड मॉर्निंग" म्हणायचं!

"बरं झालं," मीनल पोळी लाटता लाटता म्हणाली. "कधीपासून होतोय पूल?"

"बरं झालं? अगं, आपल्या गॅलरीसमोर!"

"शाळा आपल्यासमोरच आहे. पूल काय कल्याणला बांधायचा?"

"मग मी बसू कुठे?"

"आत बसा. घर आहे आपल्याला."

मीनलचं चुकत नव्हतं. शाळा रस्त्याच्या पलीकडे आणि तिचं मैदान व पाचवी-सहावीच्या वर्गांची नवी इमारत अलीकडे, श्रमसाफल्यच्या मागे. मधल्या रस्त्यावरून खडीचे डंपर जात. महिन्यापूर्वी तिसरीतल्या एका मुलाचं दप्तर डंपरखाली आलं. मूल वाचलं, डबा वाचला नाही. तो पत्र्यासारखा चपटा झालेला डबा शाळेच्या मोठ्या बाईंनी टेबलाच्या खणात ठेवला होता आणि येईल त्याला काढून दाखवत. पूल त्या डब्यामुळे मागितला गेला होता.

तोवर पोरांना रस्ता पार करून द्यायचं काम द्रौपदीबाई करत. श्रमसाफल्यच्या मागच्या बाजूला राहणाऱ्या, सोसायटीचा सेक्रेटरी मिलिंद पगारे याच्या त्या आई. सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं सिस्टर होत्या. डॉक्टरांना घाबरल्या नाहीत, तर डंपरला कुठून घाबरणार? रोज सातला दहा कमी असताना त्या नातवाला, सम्यकला, घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या राहत, काळी छत्री आडवी धरत आणि पोरं सोडत. हिमानी सम्यकच्याच वर्गात, पाचवीत. ती त्यांच्या पदराला धरून पलीकडून अलीकडे येई. प्रार्थना तिकडे आणि वर्ग इकडे, अशी शाळेची पद्धत होती. खोपकर हे रोज वरून बघत. चहा पिता पिता त्यांना ते दृश्य फार आवडायचं.

रविवारी गच्चीवर मीटिंग झाली. रस्त्याकडची सातही घरं हजर होती.

"जिन्याखाली काय होतं, मला सांगू नका," रखमाबाई म्हणाल्या. "मी विठ्ठलवाडीला वीस वर्षं राहिलेय स्टेशनच्या पुलाखाली. जिना झाला की पुरुष आलाच आडोशाला. माझा ओटा हाय तिथं. मी पापड वाळवते!"

"माझा मुद्दा वेगळा आहे," दुसऱ्या मजल्यावरचा कमळाकर म्हणाला. "पुलावरून माझं स्वयंपाकघर दिसणार. कोण काय शिजवतं ही खासगी बाब आहे."

"तुम्ही तर शाकाहारी," कुणीतरी म्हणालं.

"तत्त्वाचा प्रश्न आहे," कमळाकर म्हणाला आणि लाल झाला. (दर बुधवारी त्याच्याकडे कोणत्या तत्त्वाचा वास येतो, हे तिन्ही मजल्यांना ठाऊक होतं.)

हरकत घ्यायची ठरलं. नगरपालिकेने तीस दिवसांची मुदत दिली होती. अर्ज कोण लिहिणार, असा प्रश्न निघाला आणि सगळ्यांनी खोपकरांकडे पाहिलं. खोपकरांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्याशिवाय कुणाचं तरी अडतंय. ते उभे राहिले. "मी लिहितो," ते म्हणाले. "पण मोघम लिहिणार नाही. मोजमापासकट लिहीन."

मीटिंग संपल्यावर मिलिंदने त्यांना जिन्यात गाठलं. मिलिंद उल्हासनगरला एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होता.

"साहेब, हरकत जरूर घ्या. फक्त मापं टाकू नका."

"का?"

"म्हणजे... गॅलरीचा उल्लेखच नको."

"अरे मिलिंद, गॅलरीचा उल्लेख नको तर मग हरकत कशाची? गॅलरीच नसेल तर पूल कुणाला नडतोय?"

मिलिंदने खोपकरांना समजेल अशा शब्दांत सुरुवात केली.

"साहेब, मंजूर नकाशात..."

"नकाशाचंच म्हणतोय मी! नकाशा जोडायचा. तीस वर्षं स्टोअर्समध्ये काढलीत. जी वस्तू मोजून कागदावर चढवली नाही, ती नाहीच, असं सरकार धरून चालतं."

"तेच तर सांगतोय," मिलिंद म्हणाला. पण तोवर खोपकर टेप आणायला गेले होते.

पुढचे तीन दिवस खोपकर टेप घेऊन मजल्यामजल्यावर फिरले. तक्ता केला: अनुक्रमांक, मजला, धारकाचे नाव, रस्त्याकडे बाहेर आलेली लांबी, वापर. स्वतःच्या नावापुढे 'वापर: वाचन' असं लिहिलं. रखमाबाईंनी 'वाळवण' सांगितलं. कमळाकरने बराच विचार करून 'चिंतन' सांगितलं.

"आणि लांबी चार फूट दोन इंच लिहा," तो म्हणाला.

"मोजली ती चार फूटच भरली."

"तुमची किती?"

"चार."

"मग माझी चार-दोन लिहा. वरचा मजला आहे, हवेत जरा जास्त असतं."

खोपकरांनी चारच लिहिलं. खोटं माप त्यांच्या हातून उतरत नसे, आणि तेच पुढे सगळ्यांना महागात पडलं. मग ग्राफ पेपरवर नकाशा काढला. पूल लाल शाईत, गॅलऱ्या हिरव्या शाईत, स्केल एका इंचाला चार फूट. गॅलरीच्या ग्रिलमधले मोरसुद्धा काढले, पाठमोरे. रात्री जेवताना त्यांनी तो नकाशा ताटाशेजारी ठेवून घेतला. हिमानी आमटी सांडायचं विसरून बघत राहिली.

"बाबा, किती छान! मला शिकवा ना."

"शिकवीन," खोपकर म्हणाले. पोरीने त्यांच्याकडे काही शिकायला मागितलं, असं याआधी घडलं नव्हतं.

"मीनल, इथे सही कर. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे."

"मी नाही करणार. मला पूल हवाय. ही पोर रोज त्या डंपरसमोरून पळते, तुम्ही वरून चहा पिता."

"द्रौपदीताई असतात ना!"

"त्यांना सत्तरावं लागलंय."

मीनलने सही केली नाहीच. खोपकरांनी तिच्या नावापुढे 'सहधारक बाहेरगावी' असं लिहिलं. सहधारक तेव्हा आठ फुटांवर भांडी घासत होत्या.

दुसऱ्या दिवशी जिन्यात द्रौपदीबाई भेटल्या. छत्री काखेत होती.

"दिनानाथभाऊ, अर्ज केलात म्हणे."

"सार्वजनिक हिताचा आहे, ताई."

"असेल. मला रोज बघता ना तुम्ही वरून? काय वाटतं?"

"अभिमान वाटतो!"

"मग उद्या एक दिवस छत्री तुम्ही धरा. माझे गुडघे दुखतात."

खोपकर म्हणाले, बघतो. उद्या जरा ऑफिसात इन्स्पेक्शन आहे. त्या 'बरं' म्हणून गेल्या. खोपकर गॅलरीत येऊन बसले आणि त्यांना थोडा वेळ चहा गोड लागला नाही. पण थोडाच वेळ.

हरकतीची सुनावणी नगरपालिकेत झाली. खोपकर सफारी घालून गेले होते. सोबत कमळाकर आणि रखमाबाई होत्या, आणि मिलिंद 'मला काम आहे' असं सांगून घरी राहिला होता. इंजिनियर तरुण होता. समोर आलेल्या अर्जांवर तो बघतही नव्हता. 'पूल नको, अपशकुन होतो', 'पूल नको, आधी पाणी द्या' असं म्हणणाऱ्या सगळ्यांना एकेका वाक्यात वाटेला लावत होता. खोपकरांचा अर्ज हातात आला आणि तो थांबला. त्याने चष्मा पुसला.

"हे कुणी काढलं?"

"मी," खोपकर म्हणाले.

"स्केलवर आहे?"

"एका इंचाला चार फूट."

"किसनराव, बघा! शिका जरा! अकरा वर्षं तुम्ही नोकरी करताय, असं ड्रॉइंग एक तरी दिलंत का?" इंजिनियरने नकाशा उजेडात धरला. "आणि मोर! खोपकर साहेब, तुम्ही आमच्याकडे यायला हवं होतं."

खोपकरांनी कमळाकरकडे पाहिलं. कमळाकरने रखमाबाईंकडे पाहिलं. त्या क्षणी खोपकरांना त्या खुर्चीत बसून जे सुख वाटलं ते गॅलरीतल्या खुर्चीतही कधी वाटलं नव्हतं. मग इंजिनियरने खणातून श्रमसाफल्यचा मंजूर नकाशा काढून शेजारी पसरला.

"इथे खिडकी दिसतेय."

"होती," खोपकर आनंदाने म्हणाले. "आम्ही ती काढून गॅलरी केली."

"तुम्ही केली?"

"सगळ्यांनी. तक्ता जोडलाय. पान दोन."

रखमाबाईंना प्रकार आधी कळला. त्यांनी खोपकरांच्या सफारीची बाही ओढली. खोपकरांना वाटलं, त्या कौतुक करतायत.

इंजिनियरने पान दोन काढलं. हिरव्या रेघांवर बोट ठेवून वरून खाली आणलं, मग हसू दाबलं. "साहेब, खरं सांगू का? हा पूल आम्ही रद्दच करत होतो. परवाच फाइल बंद करायची ठरली. किसनराव मोजून आले, तर तुमच्या बाजूला जिना उतरवायला चार फूट जागा कमी पडत होती. शाळेला तसं पत्र टाइप करून ठेवलंय." त्याने ते पत्र दाखवलंसुद्धा. "आम्ही समजत होतो, तुमची इमारतच तिथपर्यंत आहे. पण तुमच्या तक्त्यात सातही ठिकाणी..."

"चार फूट," खोपकर म्हणाले. सवयीने तोंडातून गेलं.

"बरोबर चार. एक इंच इकडेतिकडे नाही." इंजिनियरने टाइप केलेलं पत्र फाडून टोपलीत टाकलं आणि उठून खोपकरांशी हात मिळवला. "तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे!"

घरी येताना तिघं एकाच रिक्षात होते. बेलवली आल्यावर कमळाकर एवढंच म्हणाला, "मी चार-दोन लिहा म्हणालो होतो. माप चुकीचं म्हणून तरी वाचलो असतो."

पंधरा दिवसांनी सात घरांना नोटिसा आल्या. प्रत्येकीला पुरावा म्हणून खोपकरांच्या सुवाच्य अक्षरातल्या तक्त्याची झेरॉक्स जोडली होती. 'आपण स्वतः सादर केलेल्या माहितीनुसार' अशी सुरुवात होती. मीनलच्या नावाने वेगळी आली. तिच्यात शेवटी लिहिलं होतं, 'आपण बाहेरगावाहून परतताच सदर बांधकाम काढून घ्यावे.'

"मी कुठे गेले होते हो?" मीनलने विचारलं.

खोपकरांनी नोटिशीची घडी करून ती खिशात घातली. त्या दिवसापासून श्रमसाफल्यमध्ये त्यांच्याशी बोलणारी माणसं मोजायला टेपची गरज राहिली नाही. पाणी आलं तरी त्यांना कुणी सांगत नसे. रखमाबाई ओट्यावरचे पापड उचलताना त्यांच्या नावाने जे पुटपुटत ते तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येई. मिलिंद तेवढा बोलायचा. "मी म्हणालो होतो," असं तो एकदाही म्हणाला नाही, आणि त्याचाच खोपकरांना जास्त त्रास झाला.

तोडायला माणसं आली त्या दिवशी खोपकरांनी रजा घेतली. गॅस कटरने अँगल कापायला अर्धा तासही लागला नाही. त्यांनी खुर्ची आधीच आत आणून ठेवली होती. मोर खाली उतरले तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही, ते आत सरकले. भंगार उचलायला लछमनदासचाच टेम्पो आला होता. "साईं, दिल छोटा मत करो," तो खालून ओरडला. "लोहा मरता नहीं!" द्रौपदीबाईंनी तोडणाऱ्यांना चहा दिला, आणि एक कप वर खोपकरांकडेही पाठवला. खोपकरांनी तो घरात, भिंतीकडे तोंड करून प्यायला.

पूल सहा महिन्यांत झाला. उद्घाटनाला मोठ्या बाईंनी तो चपटा डबा सगळ्यांना शेवटचा दाखवला. मग त्या म्हणाल्या, "या पुलाला जागा नव्हती. पण समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ स्वतःहून पुढे आले. स्वतःच्या गॅलरीची पर्वा न करता त्यांनी मापांसकट सगळी माहिती दिली. अशी माणसं आज दुर्मीळ आहेत. श्री. दिनानाथ खोपकर!"

खोपकरांना शाल आणि नारळ मिळाला. सर्वांत जोरात टाळ्या कमळाकरने वाजवल्या. तो सहा महिन्यांनी त्यांच्याकडे बघून हसत होता, आणि ते हसणं चांगलं नव्हतं.

फीत कापली आणि सगळे पुलावर चढले. मधोमध आल्यावर खोपकर थबकले. कठड्याला, बरोबर त्यांच्या पुन्हा बांधून घेतलेल्या खिडकीसमोर, दोन पाठमोरे मोर होते. गर्दीत लछमनदास उभा होता. कठड्याचं काम त्यालाच मिळालं होतं.

"साईं, लोहा अच्छा था आपका. फेंकने का दिल नहीं हुआ."

दुसऱ्या दिवशी सातला दहा कमी असताना खोपकर खिडकीत उभे होते. लुंगी बदलून पँट घातली होती. नऊशे पोरं गेली. सम्यक मोरांपाशी थांबून ओरडला, "काका, आज पँट?" मागून हिमानी आली, तिने ओळख दाखवली नाही. सर्वांत शेवटी द्रौपदीबाई आल्या. छत्री मिटलेली होती. पोरं पुढे पळाली तरी त्यांना धावावं लागलं नाही. त्या कठड्याला धरून, एकेका पावलावर थांबत, खालून जाणारा डंपर बघत गेल्या. खोपकरांना मनापासून लाज वाटली. इतके दिवस ही बाई खाली उभी होती आणि आपण वर बसून अभिमान बाळगत होतो. तो सगळा दिवस त्यांना कामात चूक सापडली नाही आणि कुणावर ओरडावंसंही वाटलं नाही.

पण माणसाला अर्धा तास लागतोच. दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद झाली, पूल ओस पडला. खोपकरांच्या मनात आलं, आणि मनात आलेलं त्यांनी केलं. पावणेसातला कप आणि फोल्डिंग खुर्ची घेऊन ते पुलावर गेले आणि आपल्या मोरांमागे बसले. वारा तोच होता. रस्ता तोच होता. कुणी काही मागत नव्हतं. घरात मीनल एकटीच चकल्यांचा घाणा घालत होती, तिची हाक इथवर पोचत नव्हती. दुसऱ्या दिवशीही ते बसले. तिसऱ्या दिवशी लुंगीवर बसले. गॅलरी परत मिळाली, आणि तीही नगरपालिकेच्या खर्चाने, असं त्यांना वाटायला लागलं.

चौथ्या दिवशी किसनराव जिना चढून वर आले.

"खोपकर साहेब, उठा. पुलावर खुर्ची म्हंजे अतिक्रमण. तक्रार आलीय."

"कुणाची?"

किसनरावांनी कागद पुढे केला. ग्राफ पेपर होता. पूल लाल शाईत, खुर्ची हिरव्या शाईत, खुर्चीत एक लुंगीवाला माणूस आणि मागे पाठमोरे मोर. स्केल एका इंचाला एक फूट. रेघा इतक्या सरळ होत्या की खोपकरांच्या तोंडून 'वा' निघून गेला. मग त्यांनी कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं: 'रेखाटन: हि. दि. खोपकर, सहावी ब.'

खाली सह्या होत्या. पहिली कमळाकरची, मग रखमाबाईंची, मग बाकी मजल्यांच्या. सातवी मीनलची. तिच्यापुढे कंसात लिहिलं होतं, 'सहधारक, गावातच आहे.'

खोपकरांनी कागद उजेडात धरला. एकदम त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"किसनराव, हे काय? खुर्चीची बाहेर आलेली लांबी दोन फूट दोन इंच?"

"कमळाकर साहेबांनी सांगितली तशी लिवली पोरीनं. उघड्यावर जरा जास्त भरती म्हणाले."

खोपकर उठले. लुंगीच्या ओच्यातून टेप काढला, (तो तिथे का होता हे विचारू नये) खुर्ची मोजली. दोन फूट. त्यांनी किसनरावांच्या खिशातलं पेन घेतलं, 'दोन इंच' वर एक स्वच्छ रेघ मारली, आणि दुरुस्तीशेजारी नियमाप्रमाणे पूर्ण सही केली, तारखेसकट.

"साहेब," किसनराव म्हणाले, "आता ही आठवी सही झाली. तुमची तुमच्यावरच तक्रार."

"मोघम चालत नाही, किसनराव," खोपकर खुर्ची मिटत म्हणाले. "तीन प्रतींत आहे ना?"